खुर्च्या दमल्या आहेत

प्रिय ताई,

‘प्रिय’ वाचून दचकू नकोस, काही मागायचं नाहीये. मेसेज न करता कागदावर लिहितोय, कारण मोबाइलवरचा माझा भरवसा उडालाय.

आपल्या लाँड्रीच्या साहेबांच्या नावाचं ते खोटं खातं माझं, हे तुला पहिल्यापासून ठाऊक आहे. ‘शिंक येणार असल्यास दोन दिवस आधी अर्ज करावा’ वाचून तूच चहा सांडला होतास. पण मंगळवारची पोस्ट माझी नव्हती. बसून काम होत नाही म्हणत साहेबांनी गोदामात कोंडलेल्या आपल्या खुर्च्यांचा फोटो, आणि खाली, ‘खुर्च्या दमल्या आहेत, त्यांना बसू द्या. आपण उभं राहू.’ वाचून मी आधी जळलो. इतकं भारी मला सुचत नाही. मग प्रश्न पडला, माझ्या खात्यात शिरलं कोण?

गोदामाची चावी ड्रायव्हरकाकांकडे असते, म्हणून दोन दिवस त्यांच्या मागे मागे फिरलो. ते बिचारे मोबाइलवर फक्त बोलतात, तेही ओरडून. मग पॅकिंगवाल्या चष्मिशवर डोळा ठेवला. तिला वाटलं मी लाइन मारतोय, आता ती मला रोज बिस्किटं देते.

तेवढ्यात साहेबांनी इस्त्रीवाल्या मावशीला धरलं. गुडघे दुखतात म्हणून खुर्ची तिनेच मागितली होती ना. सोमवारपासून येऊ नका म्हणाले. मावशी एवढंच बोलली, “साहेब, मला साधा फोन लावायचा तरी नात लागते हो.” कुणी ऐकलं नाही.

काल तो फोटो मोठा करून पाहिला. खुर्च्यांमागे फळीवर चादरींची थप्पी. आपल्याकडे सगळे घडीची बाजू उजवीकडे ठेवतात, ही डावीकडे होती. अख्ख्या लाँड्रीत डावरं माणूस एकच, आणि त्यावरून साहेबांची बोलणी खाल्लेलंही तेच. मग आठवलं, खातं मी तुझ्या जुन्या मोबाइलवर उघडलं होतं, आणि बंद करायचं राहिलं. सगळ्या गावावर संशय घेतला आणि चोर निघाला घरात, वर माझ्याहून हुशार.

फोटो मी काढून टाकलाय, पण साहेबांनी तो आपल्या मोबाइलात ठेवलाय. राग उतरला की त्यांनाही थप्पी दिसेल. तू पुढच्या महिन्यात नोकरीत कायम होणार, तुझ्या पिल्लूची शाळा आहे. म्हणून आज कामावर गेल्या गेल्या मी ऑफिसात सांगणार, सगळं मीच केलं, मावशीचा काही संबंध नाही, आणि बहिणीवर ढकलायला थप्पी मुद्दाम उलटी लावली. असला नालायक भाऊ असू शकतो, हे साहेबांना लगेच पटेल. मला खात्री नाही ती फक्त तुझी. हे सकाळी वाचलं असतंस तर माझ्याआधी धावत जाऊन खरं बोलली असतीस. म्हणून पिशवीत गुंडाळून तुझ्या डब्याच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवलंय. तू हे वाचतेयस म्हणजे माझं सांगून झालंय. आता उठू नकोस. आधी जेव.

तुझाच,
आजपासून रिकामटेकडा