ढोलीवरचा घाव

सिहोरा
डिसेंबर १९८४

सत्यवतीकाकीले घनश्यामचा नमस्कार.

काकी, यंदाचं धान घरी आलं. उद्या संध्याकाळी ढोलीची, धान साठवाच्या बांबूच्या कणगीची, पूजा आहे. मी कॉलेजच्या सुट्टीत नागपूरहून आलो. ढोलीपुढं उभा राहिलो तर आताही तो दिवस आठवते.

पाच वर्षांचा होतो. खेळता खेळता ढोलीत उतरलो. आजोबा खालच्या तोंडातून धान काढून राहिले होते, तर वरचं धान मले घेऊनच खाली चाल्लं. नाकातोंडात धान गेलं. तुमाले माझा हात दिसला न् तुमी कुऱ्हाड उचलली.

"सूनबाई, पूजेची ढोली आहे. लोखंड लावू नको," आजोबा ओरडले.

"ढोली दुसरी विणता येते, मामाजी," म्हणून तुमी घाव घातला. धानासंगं मी बाहेर पडलो.

त्याच साली काका वारले. सारे म्हणाले, लक्ष्मी कोपली. तुमाले नाकाडोंगरीले माहेरी धाडलं. दरवर्षी माझ्यासाठी मारुतीले नारळ फुटते, तुमचं नाव कोणी काढत नाही. देवानंच मले वाचवलं, हे मी मनापासून मानतो. पण कुऱ्हाड त्यानं तुमच्या हाती देल्ली होती.

आज आजोबांले सांगतलं, "उद्या पहिलं हळदीकुंकू काकी वाहील. नाही तर माझा नारळ फोडू नका."

"विधवा बाई?" म्हणाले, न् ढोलीवरून हात फिरवला. मग हळूच विचारलं, "येईल का सूनबाई?"

पत्र पोचाले दिवस लागतील. म्हणून हे टपालात टाकत नाही, संगं घेऊन सकाळच्या पहिल्या बसनं मीच तुमाले घ्याले येतो. नाही म्हणू नका.

तुमी वाचवलेला,
घनश्याम