पुसलेलं नाव

छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. आज शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर सुविचार लिहायची पाळी माझी होती. मी आईचं वाक्य लिहिलं: 'मागं राहिलेल्या मेंढीवर चिडू नको, आधी तिचा खूर बघ.' वर्गातल्या मागं पडलेल्या एका पोरीवर मी वैतागले होते, तेव्हा आई मला हे म्हणाली होती. खाली तिचं नाव घातलं, ठकूबाई.

परिपाठाआधी मुख्याध्यापकांनी नाव पुसलं. वाक्य ठेवलं. म्हणाले, "बाई, सुविचार थोरांचा असतो. ही खेड्यातली म्हण आहे, म्हणीला नाव नसतं."

नसतं कसं? आणि ही म्हण झाली कधी? माझ्याशिवाय कुणी ऐकलंच नव्हतं ते. काल संस्थेच्या अध्यक्षांचं शिस्तीवरचं वाक्य होतं, खाली नाव मोठ्या अक्षरांत. तेच वाक्य मी आणखी दोन शाळांच्या भिंतींवर वाचलंय. ते मात्र त्यांचं. आणि जन्मभर मेंढरांमागं चाललेल्या बाईचं वाक्य सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही. दिवसभर येता-जाता तो पांढुरका डाग दिसत होता, आणि मी गप्प बसले. त्याचाच जास्त राग येतोय.

घरी आईला सांगितलं. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "पुसायच्या आधी मला दाखवायचं व्हतं. माझं नाव लिवल्यावर कसं दिसतं, म्या कधी बघितलंच नाय."

म्हणून या पानावर मोठं लिहिलं: ठकूबाई. तिनं बोट जवळ नेलं, पण टेकवलं नाही. पुसलं जाईल, म्हणाली.