पाव फेरा

अण्णा, परवा माझी गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली. पेट्रोलपंपाशेजारच्या टपरीतल्या माणसानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, पडद्याकडे बघितलं आणि मान हलवली. गॅरेजात नेली तर तिथल्या मेकॅनिकनं गाडी वर उचलून तिच्या पोटाखालचा एक डबा दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गया. बदलना पडता." बाईला काय कळणार असं वाटून तो मला समजावून सांगायला लागला, की आत एक बारीक जाळी असते, इंजिनाचा विषारी धूर तिच्यातून जाताना साफ होतो, ती खराब झाली की धूर कोंडतो. त्याला थांबवणं मला जमलं नाही. मी उचललेल्या गाडीखाली उभी राहून वर बघत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तुम्ही गेलात तेव्हा मी सगळ्यांना सांभाळत फिरले, रडायचं राहूनच गेलं होतं. त्या बिचाऱ्यानं घाबरून मला खुर्ची आणून दिली. घरी आल्यापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं, आज बसले आहे.

डॉक्टरसाहेबांची ती लाल गाडी तुम्ही विसरला नसणार. मलकपेठेत रेसकोर्सच्या अलीकडच्या गल्लीत आपलं गॅरेज, पुढं पत्र्याची शेड, मागं आपल्या दोन खोल्या. तेव्हा शहरात नव्या गाड्यांचं पेव फुटू लागलं होतं, पण आपल्या दारात अजून जुन्याच, बोजड गाड्या यायच्या आणि तुम्ही त्यांची नाडी बघायचात. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे. तेलुगू गिऱ्हाइकंही तुम्हाला अण्णाच म्हणत आणि मुसलमान गिऱ्हाइकं उस्ताद. डॉक्टर आखातातून आले ते ही गाडी घेऊन. आठ-दहा वर्षं जुनी, दोनच माणसांची आणि इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे पाटावर जेवायला बसणं. त्यांच्या घराच्या बोळात ती शिरत नव्हती आणि वर्षातले सहा महिने ते तिकडंच असत. म्हणून त्यांनी ती तुमच्या स्वाधीन केली. दोनच गोष्टी बजावल्या होत्या. आठवड्यातून एकदा फिरवायची आणि तिच्यात पेट्रोल घालायचं ते अनलेडेडच, म्हणजे शिसं नसलेलं. तेव्हा ते फक्त सिकंदराबादच्या एका पंपावर मिळतं हेही त्यांनीच शोधून काढलं होतं.

गॅरेजातले दोघं कारागीर ती गाडी मागून मागून थकले. तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत. "ह्यांच्या हातात दिली तर पळवतेत. तुझा पाय हलका हाय," असं सगळ्यांच्या देखत म्हणालात. मी एकवीस वर्षांची, बी. कॉम. झालेली, नांदेडकडची स्थळं बघणं सुरू असलेली मुलगी, आणि दर गुरुवारी सकाळी मलकपेठेतून लाल गाडी घेऊन निघायची. आईनं कपाळाला हात लावला होता. गल्लीतल्या बायका दारात यायच्या. तुम्ही मात्र शेडखाली कमरेवर हात ठेवून उभे आणि चेहऱ्यावर असं काही, की तुम्हीच ती गाडी घडवली आणि मलाही. तुमची ती नजर मला अजून दिसते. मी तिच्या लायकीची नव्हते, हे सांगायलाच इतकी पानं लागणार आहेत.

झालं असं, की मला कॉम्प्युटर शिकायचा होता. विद्यानगरला एका टिफिन सेंटरच्या वरच्या मजल्यावर क्लास निघाला होता. चपला बाहेर काढून थंड खोलीत बसायचं, देवळात बसल्यासारखं. मी दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "लग्न होऊ दे, मग ज्यांची तू होशील त्यांना विचार." गाडी चालवलेली चालत होती, कॉम्प्युटर चालवलेला चालत नव्हता. तुमचा हा हिशोब मला तेव्हाही कळला नाही आणि आताही कळत नाही. विद्यानगर सिकंदराबादच्या वाटेवरच आहे. तुम्हाला जाऊन येऊन किती वेळ लागतो ते पक्कं माहीत, पण मीटरकडे तुमचं कधी लक्ष नसे, तुमचं लक्ष आवाजाकडे. मी शिकवण्यांच्या पैशांतून नाव घातलं आणि गुरुवारची बॅच घेतली. पुढं सिकंदराबादपर्यंत जायला मग वेळच उरत नसे. जवळच्या पंपावर मी गाडी उभी केली तेव्हा पंपावरचा म्हातारा म्हणाला होता, "अम्मा, ये नली इसमें नईं जाती." त्या गाडीच्या टाकीचं तोंडच अरुंद केलेलं होतं, साध्या पेट्रोलची जाड नळी आत जाऊच नये म्हणून. गाडी स्वतः नको म्हणत होती. पुढच्या गुरुवारी मी आपल्या गॅरेजातलं बारीक तोंडाचं नरसाळं पिशवीत घालून नेलं. त्या हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मी तिला ते शिशाचं पेट्रोल नरसाळ्यानं पाजलं. पेट्रोल ते पेट्रोल, त्यात काय एवढं, अशी मी माझी समजूत घातली होती. समजूत घालावी लागत होती, म्हणजे आतून मला कळत होतं.

उन्हाळ्यात डॉक्टर आले आणि म्हणाले, गाडी चढ चढत नाही. तुम्ही हसलात, उन्हाचं असेल म्हणालात. प्लग काढले, फिल्टर बदलला, तारा तपासल्या. तिच्यातून सडक्या अंड्याचा वास येऊ लागला होता आणि पायाखालचा पत्रा इतका तापायचा की चप्पल चिकटेल. आठ दिवस तुम्ही दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. मी चहा घेऊन येते आहे आणि तुम्ही सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून उकिडवे बसला आहात. मला म्हणता, "हात धर इथं. लागतंय काही? श्वास कोंडलाय बघ हिचा." मी हात धरते. धाप लागलेल्या माणसाचा असावा तसा तो ऊन ऊन, अडखळता वारा मला अजून हाताला लागतो. मग तुम्ही तो डबा खोलून काढलात. तसला डबा तुम्ही आयुष्यात पाहिला नव्हता. उजेडाकडे धरून एका बाजूनं आत बघितलंत, मग मला बघायला दिलात. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती आणि तिच्यातून उजेडाचा ठिपकाही पलीकडे येत नव्हता.

गाडीच्या कप्प्यात इंग्रजी पुस्तक होतं. जुन्या संस्थानातल्या शाळेत तुम्ही चौथीपर्यंत उर्दू शिकलेले, मराठी घरी शिकलेले, इंग्रजीशी तुमचा संबंध पान्यांवरच्या आकड्यांपुरता. दुपारची वेळ, कारागीर जेवायला गेलेले. तुम्ही स्टुलावर बसलात, वाचायचं मला होतं तरी चष्मा तुम्ही घातलात आणि म्हणालात, "त्या डब्याचं कुठं लिहिलंय बघ. वाच अन् मराठीत सांग." मला पान सापडलं. वर चौकट होती. तिच्यात लिहिलं होतं, की शिशाचं पेट्रोल मोजक्या वेळा जरी घातलं तरी आतली जाळी कायमची निकामी होते. त्याखाली साध्या अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या, की अनुभव नसलेल्या माणसानं हवा-पेट्रोलचं प्रमाण बदललं तर तीच गत होते. मी चौकट वाचली नाही. मी खालच्या दोन ओळी वाचल्या आणि सावकाश, नीट, मराठीत सांगितल्या. तुम्ही पुन्हा विचारलंत, "अजून काही?" मी म्हटलं, "बस, एवढंच."

तुम्ही चष्मा काढलात. थंडीत डॉक्टरांनी गाडी उभी असताना थरथरते म्हणून तक्रार केली होती आणि तुम्ही बारीक पेचकस घेऊन हवा-पेट्रोलचा एक स्क्रू जरासा फिरवला होतात. "पाव फेरा," तुम्ही म्हणालात. "पावच फेरा फिरवला होता की ग मी." मी पुस्तक मिटून कप्प्यात ठेवलं आणि आत जाऊन भाकरी थापत बसले. त्या दिवशी भाकऱ्या चांगल्या झाल्या होत्या, हेही मला आठवतं आणि त्याचीही लाज वाटते.

शेजारचे डेंटिंगवाले चाचा तुम्हाला समजवायला आले होते. "सळई मारके जाली तोड देव उस्ताद, डब्बा वापस लगा देव. गाडी हवा के जैसी भागती. डॉक्टर कू क्या मालूम पडता?" कुठल्याही गॅरेजात तेच केलं असतं. तुम्ही नाही म्हणालात आणि डॉक्टरांना बोलावून घेतलंत. ते आले, खुर्चीवर बसले, तुम्ही उभेच. डबा त्यांच्यापुढं ठेवून तुम्ही सांगितलंत, "मेरे हाथ से हुआ, डॉक्टरसाब." डॉक्टर भला माणूस. त्यांनी डबा उलटसुलट करून बघितला आणि हळूच विचारलं, "पेट्रोल तो वहींच का डल रा था ना, सिकंदराबाद वाला?" मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मेरी बच्ची डालती थी," तुम्ही म्हणालात, "उसका पूछनाच नक्को."

अण्णा, तेवढं एक वाक्य तुम्ही बोलला नसतात तर कदाचित मी बोलले असते. हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. मी बोलले नसते. क्लासची परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही, "होता ऐसा, उस्ताद" म्हणाले, आणि दोन दिवसांनी ट्रक पाठवून गाडी नेली. बोभाटा त्यांनी केला नाही, तो तुम्हीच केलात. जो नवी गाडी घेऊन येईल त्याला तुम्ही सांगू लागलात, "ह्याच्यावर माझा हात नाही, दुसरीकडं दाखवा." त्या वर्षी दसऱ्याला नेहमीप्रमाणे पाटावर पान्यांची, हातोड्यांची, पकडींची पूजा मांडली, पण तो बारीक पेचकस त्यात नव्हता. तुम्ही तो फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला होता. आईनं विचारलं तर म्हणालात, "त्यानं दगा दिला." मी एकेका हत्याराला हळदकुंकू लावत होते, झेंडूचं फूल ठेवत होते. फूल दोनदा माझ्या हातून पडलं आणि तुम्हाला वाटलं उपासानं. तुम्ही आईला म्हणालात, पोरीला आधी काहीतरी खायला दे.

त्याच दिवाळीनंतर तुम्ही मला जवळ बसवून सांगितलंत, की दिवस बदलले, आता जे येतंय ते हातानं कळणारं नाही, आपलं संपलं. "लग्नाचं राहू दे सध्या. तू ते कॉम्प्युटर शीक." आणि पुढच्या सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून, बसनं, तुम्ही स्वतः मला विद्यानगरला त्या टिफिन सेंटरच्या वर घेऊन गेलात. काउंटरवरची बाई मला ओळखत होती. मी तिच्याकडे असं बघितलं की तिनं ओळख न दाखवता तुम्हाला नवा फॉर्म दिला. तुम्ही चपला बाहेर काढल्यात, दारातून आतल्या यंत्रांकडे बघितलंत आणि दोन्ही हात मागं बांधून घेतलेत, चुकून कशाला लागू नयेत म्हणून. मला नोकरी लागली, पुढं मोठी लागली. नव्या गाड्यांनी शहर भरून गेलं आणि त्यातली एकही तुमच्या शेडखाली आली नाही. जुन्या गाड्या भंगारात गेल्या तसतसं तुमचं कामही गेलं. शेवटच्या आजारपणात, मी पेज भरवत असताना, तुम्ही विचारलं होतंत, "त्या लाल गाडीचं पुढं काय झालं असंल ग?" खोलीत आपण दोघंच होतो. मी म्हटलं, "विकली असेल, अण्णा. तोंड उघडा."

इथवर लिहिलं आणि माझी मुलगी खोलीत आली. ती तुमच्या माघारी जन्मलेली, आता पंचवीस वर्षांची. इथंच वाढली, मराठी समजते, मोडकंतोडकं बोलतेही, पण वाचता येत नाही. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून तिनं ह्या पानांकडे बघितलं आणि विचारलं, "काय लिहायलीस मम्मी? लेटर?" "तुझ्या नानांना, माझ्या अण्णांना," मी म्हटलं. "पढ के बता ना." मी तिला लाल गाडीचं वाचून दाखवलं, पाटावर बसल्यासारखं वाटायचं ते, गल्लीतल्या बायका दारात यायच्या ते आणि तुम्ही माझा पाय हलका आहे म्हणालात ते. ती हसली. "नाना किती ट्रस्ट करायचे ना तुझ्यावर," म्हणाली, आणि मग विचारलं, "और? अजून आहे ना खूप?"

मी म्हटलं, "बस, एवढंच."