अप्पांनी मशीन लावलं

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
४ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप शिवरंजनीच्या अप्पांस,
राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

परवा टाके काढले. खुब्यातला रॉड नीट बसलाय असं डॉक्टर म्हणाले. काल वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत गेले आणि परत आले. एका बाजूला आपली रंजू, दुसऱ्या बाजूला जावई. लग्नाच्या वरातीतसुद्धा मला एवढं कुणी सांभाळलं नव्हतं.

फोनवर मला तुमचं काही कळत नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं. तुम्ही ओरडता आणि माझ्या कानात नुसतं घूं घूं होतं. मग रंजू मध्ये राहून सांगते, पण त्यात स्वतःची भर घालते. परवा तिनं सांगितलं, अप्पा म्हणतात तुझ्यावाचून घर खायला उठतंय. चाळीस वर्षांत तुम्ही असं कधी बोलला नाही, तेव्हा ते वाक्य तिचंच, हे मी ओळखलं.

जेवणाचं काय चाललंय? दगडाबाई दोन वेळच्या भाकरी आणि कालवण करून जाते हे कळलं. पण तिच्या हातांना साबण सोसत नाही, ती भांडी करत नाही. मग कोण करतं? की रोज कपाटातून नवं ताट काढता? कपाटात सव्वीस ताटं आहेत. मी पडले त्याला आज सतरा दिवस झाले. तेवढाच हिशेब मी इथं पडल्या पडल्या करत असते.

दुकानात थंडीचं उघड्या डोक्यानं बसू नका. लोभ आहे तसा राहू द्या.

आपली,
राजेश्वरी


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

बेंबळी,
११ डिसेंबर २०२५

सौ. राजेश्वरीस,
सोमलिंगचे अ. उ. आशीर्वाद.

तुझा अंदाज बरोबर हाय. एकविसावं ताट काढलं आणि मोरीतला ढीग बघून माझी मलाच लाज वाटली. तेव्हा नंदीशनं पुण्याहून पाठवलेल्या त्या भांडी धुण्याच्या मशीनवरची चादर काढली. वरचं हरभऱ्याचं पोतं एकट्यानं उतरवलं, कंबर अजून बोलतीय. दोन वर्षं झाकून ठेवलेलं, पण नळ आणि वायर पोरानं तवाच जोडून दिली होती. बटण दाबलं तर हिरवा दिवा लागला.

पुढचं दगडाबाईकडून तुला कळणारच, म्हणून मीच सांगतो. आपण हातानं भांडी घासतो ते बाटलीतलं पातळ साबण मी त्यात अर्धी वाटी ओतलं. पाव तासानं दाराच्या फटीतून फेस यायला लागला. आधी वाटलं थोडा येईल आणि थांबेल. तो फ्रीजच्या खाली गेला, देवघराच्या उंबऱ्याला लागला, मग अंगणात निघाला. शेजारचा बिराप्पा कुंपणावरून विचारायला लागला की घरात काय चाललंय. फरशी धुतोय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, चाळीस वर्षांत पयल्यांदाच बघतोय. मी पँट गुडघ्यापर्यंत वर करून सुपल्यानं दोन तास फेस उपसला.

भांडी मात्र निघाली. निसरडी, पण निघाली.

तू जिवाला जप. औषधं येळेवर घे.

सोमलिंग


सोलापूर,
१९ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून इतकी हसले की खुबा दुखला आणि रंजू धावत आली. तिला वाटलं मी रडतेय. मग तिनंही वाचलं. जावयांनी वाचलं. आता तुमचा फेस सोलापूरभर झालाय.

नीट ऐका. त्या मशीनला त्याची वेगळी पावडर लागते, तीही दाराच्या आतल्या छोट्या कप्प्यात. ताटं उभी लावायची, सगळ्यांची तोंडं मधल्या बाजूला. वाट्या पालथ्या. खाली आणि मध्ये पाणी फेकणारे दोन पंखे फिरतात, त्यांना उलथन्याची दांडी आडवी यायला नको. दार लावायच्या आधी पंखा हातानं एकदा फिरवून बघायचा. लोखंडी तवा, पितळेचा तांब्या, पोळपाट, ॲल्युमिनियमचं काहीही आत घालायचं नाही. धुऊन झालं की लगेच दार उघडू नका, वाफ तोंडावर येते. अर्धा तास थांबा, मग थोडं उघडून तसंच ठेवा. भांडी आपोआप वाळतात.

मला हे कसं माहीत, असं तुमच्या मनात येईल. मशीन आलं त्या हिवाळ्यात तुम्ही दुपारी दुकानात गेलात की मी चादर थोडी बाजूला सारून त्याच्याजवळ बसायची. माहितीपुस्तकातला मराठी भाग मी दोनदा वाचलाय. पुस्तक पिठाच्या डब्यामागं आहे.

रंजू म्हणते, उन्हाळ्यापर्यंत इथंच राहा. बघू.

आपली,
राजेश्वरी


बेंबळी,
२ जानेवारी २०२६

सौ. राजेश्वरीस,
अ. उ. आशीर्वाद.

पुस्तक सापडलं. त्यात जागोजागी तुझ्या पेन्सिलीच्या खुणा हायेत. मी ते दुकानात नेऊन गिऱ्हाईक नसताना वाचतो. तुझ्या खुणा आल्या की थांबतो.

पावडर धाराशिवहून आणली. भांडी स्वच्छ निघाली पण पेल्यांवर राखेसारखा पांढरा थर. वाटलं मशीन बिघडलं. नळ दुरुस्त करणारा भागवत येऊन बघून गेला. म्हणाला, मशीनचा दोष न्हाय अप्पा, तुमच्या बोअरच्या पाण्याचा हाय. आत तळाशी मिठाचा एक कप्पा असतो, तो कोरडा ठणठणीत होता. घरातलं मीठ टाकणार तेवढ्यात तुझी खूण दिसली, स्वयंपाकाचं मीठ चालत न्हाय. जाड खड्याचं वेगळं मीठ मागवलं, कप्प्यात आधी पाणी, मग मीठ, आणि मशीनवरचा पाण्याच्या जडपणाचा आकडा वाढवून ठेवला. आता पेल्यात तोंड दिसतं. भागवतनं नळीच्या तोंडाची जाळी पण काढून दाखवली, त्यात बोअरची चिमूटभर वाळू अडकली होती.

तळाची गाळणी मी दर तिसऱ्या दिवशी फिरवून काढतो आणि जुन्या दातांच्या ब्रशनं धुतो. पंख्याच्या भोकात फोडणीची मोहरी अडकते, ती काडीनं काढतो. ह्या रविवारी लिंबूसत्व घालून मशीन रिकामंच गरम पाण्यावर चालवलं, आतला खार गेला. भागवत म्हणतो, एवढी गाळणी स्वच्छ त्यानं कुठं बघितली न्हाय. त्याला सांगितलं, आमच्या लिंगायतांत ताट धुऊन ते पाणी पिण्याची रीत हाय, आत जायला काही उरतच न्हाय.

तुझा ॲल्युमिनियमचा शेवयांचा डबा मात्र काळा पडला. तुझं पत्र यायच्या आधीच घातला होता. लपवून ठेवणार होतो.

संक्रांतीला येतीस का? गाडी सांगून ठेवतो.

सोमलिंग


सोलापूर,
१४ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ घ्या. रंजूनं तुमच्यासाठी डबा भरून ठेवलाय.

मी संक्रांतीला आले नाही. रंजू म्हणते कायमचीच इथं राहा, आणि मी तिला अजून नको म्हटलेलं नाही. तुम्ही एवढं मनापासून सगळं करताय आणि मी असं लिहितेय, म्हणून चार दिवस पेन हातात घेऊन बसले होते. पण मनात ठेवून घरी आले तर ते तिथं रोज बाहेर येईल.

कार्तिकातल्या त्या सोमवारी जंगमस्वामी आणि पाहुणे मिळून वीस पानं झाली. जेवणं झाल्यावर मी तुम्हाला आत बोलावून विचारलं होतं, आज एक दिवस मशीन लावू का. तुम्ही म्हणालात, माणसं बसलीत, दोन माणसांच्या घरात हिला मशीन लागतं म्हणून हसतील. मी भांडी उचलली. परसातल्या घासायच्या दगडावर गेले. साबणाच्या पाण्यावरून पाय गेला.

तुम्ही मागच्या दारात आलात. मी खाली होते, उठता येत नव्हतं. तुम्हाला वाटतं मला ऐकू आलं नाही. कानांनी नाहीच आलं. पण तुमचे ओठ मी चाळीस वर्षं वाचतेय. तुम्ही विचारलंत, काय फुटलं?

एवढंच. ह्याचं उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही.

मफलर वापरा.

राजेश्वरी


बेंबळी,
२१ जानेवारी २०२६

सौ. राजेश्वरीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र मिळालं. दुकान दोन दिवस उघडलं न्हाय.

व्हय, विचारलं. तेच विचारलं. आणि तुला माहीत न्हाय ते पण आज लिहितो. भांडी पडल्याचा आवाज आला तवा मी स्वामींसमोर बसलो होतो आणि मला राग आला, की पाहुण्यांत हा काय गोंधळ. म्हणजे मी तुला बघायला उठलोच न्हाय. आवाज थांबवायला उठलो. तुझा पाय वाकडा दिसला तवा तुझ्याकडं पळालो, पण ते नंतर. आधी जे मनात आलं ते असं होतं. हे मी रंजूला सांगितलं न्हाय, नंदीशला न्हाय. स्वतःशी पण नीट बोललो नव्हतो.

मशीन लावायला लागलो म्हणजे ते फिटलं, असं मी समजत न्हाय. ते मशीन त्याच दिवशी लावायचं होतं. बटण दाबायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ लागला असता.

परसातला दगड भागवतकडून काढून घेतला. तिथं खरबरीत फरशी बसवली, भिंतीला धरायला पाइप लावला. तू यावंस म्हणून न्हाय. दगडाबाई पण तिथून जाती, मी पण जातो.

ये म्हणून लिहीत न्हाय. रंजूकडं तुला बरं वाटत असंल तर तिथं राहा. मी दर शनिवारी एसटीनं येत जाईन, संध्याकाळी परत फिरीन. लोक काय म्हणायचं ते म्हणतील.

माझी चूक झाली, राजेश्वरी.

सोमलिंग


बेंबळी,
२२ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. शिवरंजनीस,
अव्वाचे अनेक आशीर्वाद.

जावई मला सोडून सुखरूप पोहोचले हे नंदीशनं कळवलं. अप्पांचे चार शनिवार येऊन झाले, मग आठ दिवसांसाठी म्हणून मी निघाले आणि तू दारात उभी राहून पुन्हा पुन्हा बजावलंस, की पटलं नाही तर नवव्या दिवशी गाडी पाठवते. आज आठवा दिवस आहे, म्हणून लिहितेय.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पारण्याला गव्हाची गोड हुग्गी केली. मला भेटायला म्हणून बिराप्पाची मंडळी आली, स्वामी आले, बारा-तेरा माणसं झाली. दगडाबाईनं वाढलं, मला खुर्चीतून उठू दिलं नाही. जेवणं झाल्यावर तुझे अप्पा उठले आणि सगळ्यांची ताटं गोळा करायला लागले. बिराप्पा मोठ्यानं हसला. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण दोघा-तिघांनी तोंडावर हात ठेवले, त्यावरून कळलं. मी मान खाली घातली. आता ते ताटं ठेवून देतील असं मला वाटलं.

त्यांनी ताटं ठेवली. मग चालत माझ्या खुर्चीसमोर आले, पाहुण्यांकडं पाठ करून, मला त्यांचं तोंड नीट दिसेल असे उभे राहिले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, पण हळू, एकेक शब्द माझ्यासाठी सुटा करत बोलले. म्हणाले, हे मशीन दोन वर्षं माझ्या घरात होतं. तुम्ही हसाल म्हणून मी ते झाकून ठेवलं. हिनं विचारलं तरी लावू दिलं न्हाय. त्यापायी हिचा खुबा मोडला. तवा आता ज्याला हसायचं त्यानं मला हसावं, भांडी मीच लावतो.

कुणीच हसलं नाही. स्वामींनी स्वतःचं ताट उचलून त्यांच्या हातात दिलं. अप्पांनी ते खालच्या जाळीत उभं केलं, पंखा फिरवून बघितला आणि दार लावलं. बिराप्पाची सून प्रतीक्षा तेवढ्यात जवळ गेली आणि मीठ किती दिवसांनी घालायचं ते विचारू लागली. त्यांनी तिला गाळणीपासून सगळं सांगितलं. अर्धा तास. ती बिचारी उभी राहून दमली.

माणसं गेल्यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. मशीन चालू होतं. मला त्याचा आवाज येत नाही, पण दारावर हात ठेवला की आतलं पाणी कळतं. ते म्हणाले, अजून वीस मिनिटं लागतील, तू आत जाऊन पड. मी नाही गेले.

रंजू, तू माझं सगळं केलंस. आईचं करतात त्याहून जास्त, लेकराचं करतात तसं केलंस. ते मी विसरणार नाही आणि उन्हाळ्यात महिनाभर येईनही. पण तुझ्या कपाटात वरच्या खणात माझ्या पाच साड्या, शाल आणि चष्म्याचं घर आहे. ते सगळं पुढच्या रविवारी जावयांबरोबर पाठवून दे.

जावयांना आशीर्वाद. तुझी माया अशीच असू दे.

तुझी,
अव्वा