कमळीबायला पटेपर्यंत

बुधवार, दिवेलागणीनंतर

...उद्या येणाऱ्यांनी हात वर करा, असं मी संघटनेतर्फे म्हणाले आणि जूचंद्रच्या टेकडीखालच्या पाड्यावर एकही हात वर झाला नाही. पाडा महापालिकेत गेला तेव्हा आदिवासींची ग्रामसभा संपली. ती परत मिळावी, जमिनीचा निर्णय पाड्याने करावा, त्यासाठी घटनेत दुरुस्ती करा, हे मागायला उद्या सगळ्यांनी पालघरला कलेक्टर कचेरीवर जायचं होतं.

कमळीबाय एवढंच म्हणाली, "ताई, ग्रामसभा आली तर नळ जाईल ना? पानी पालिकेनं दिलं."

"तू नळाशीच लगीन लाव," तिची जाऊ म्हणाली. सगळे हसले, कमळीबायसुद्धा. पण हात कोणी वर करेना.

नळ जाणार नाही, असं मला खात्रीने सांगता आलं? नाही. "बाकी कोणाची हरकत नाही, मग उद्या निघू या," असं मात्र म्हणाले.

पाड्यातले वडीलधारे सोमाबाबा शांतपणे म्हणाले, "हिला मागं टाकून जायचं, तर ग्रामसभा मागायची कशाला? तिला पटेपर्यंत बसायचं. आमची रीत हाय."

मग बसलो. चुलींचा धूर ताडांच्या कमरेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. नळ ठिबकत होता. पलीकडचे उंच इमारतींचे टॉवर धुरात विरघळले, जणू अजून बांधलेच नव्हते. मला कुठे जायचं होतं, तेही विसरले. आता घरी, माणिकपूरला, तो नळ कानात ठिबकतो आहे.

गुरुवार. कमळीबायला अजून पटलं नव्हतं, म्हणून सकाळी पालघरला न्यायला आलेली गाडी रिकामी परत पाठवली. पाडा पुन्हा जमला. कमळीबायने सरकून मला शेजारी जागा दिली.