विमानाचा चौथा हिस्सा

१२ नोव्हेंबर २००५
यांच्या बहिणीचा जावई नागपूरहून आला. चहा यायच्या आत फोटो काढून दाखवला. छोटं विमान. चौघांनी मिळून घ्यायचं, वैमानिक व्हायला आलेल्या पोरांच्या शाळेला भाड्यानं द्यायचं, आपण घरी बसून खायचं. कापसात आता राम नाही म्हणतो. हे सांगायला नागपूरहून कशाला यायला हवं? आमचं बियाण्याचं दुकान बघितलं तरी कळतं. गिऱ्हाईक नाही, हे दिवसभर काउंटर पुसतात.
यांनी फोटो चष्मा लावून पाहिला, मग काढून पाहिला. शेपटी आपली की पंख, असं विचारलं नाही हेच नशीब.

१३ नोव्हेंबर
आज त्याहून वरचं विचारलं. "जवाईबापू, आपली पाळी कोन्त्या दिवशी?"
ढाणकीच्या वावरातल्या विहिरीत शेजारच्या युसूफभाईंचा निम्मा हिस्सा. म्हणून पाण्याची मोटार एक दिवस त्यांची, एक दिवस आमची. विमानही तसंच, असं यांच्या डोक्यात.
जावई हसला. "मामाजी, ते आपल्याले बसासाठी नाही. नुस्ती गुंतवणूक."
हिस्सा आपला आणि पाळी नाही! अशी विहीर कुणी फुकट दिली तरी युसूफभाई घेणार नाहीत. हे मात्र मान डोलावत होते.

१७ नोव्हेंबर
सकाळचा चहा यांनी केला. पाणचट. तेव्हाच ओळखलं.
ढाणकीचं वावर विकायचंय. माझ्या बाबांनी माझ्या नावावर करून दिलेलं, त्यामुळे माझ्या सहीशिवाय हलत नाही. बाबा आयुष्यभर लोकांच्या वावरात राबले, तेव्हा कुठे आमच्या घराण्यात पहिल्यांदा स्वतःची जमीन आली. ती आता हवेत उडवायची.

२७ नोव्हेंबर
यवतमाळच्या धावपट्टीवर विमान बघायला गेलो. विमानाचे होणारे मालक, एस.टी.त उमरखेडपासून उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट. आत कुणी सोडलं नाही. यांनी जाळीला नाक लावून पाहिलं. कीव आली, पण थोडीच.
परतताना यांनी शेजारच्या सीटवरच्याला सांगितलं, "आपलं विमान पाहून येऊन राह्यलो." तो सरकून बसला. वेडा समजून. का कोण जाणे, मला हसू आलं नाही.

३० नोव्हेंबर
सही करणार नाही, असं तोंडावर सांगितलं. हे म्हणाले, एका तरी गोष्टीचा मालक होऊ दे. म्हटलं, दुकानाचे आहात की.

८ डिसेंबर
दुकान विकलं! मला न विचारता. नेरचा कुणी तिथं मोबाइल विकणार. पैसे जावयाकडे पोचलेसुद्धा.
मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मूर्ख हा त्यातला सौम्य शब्द. यांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. उलट बोलले असते तर बरं झालं असतं.

१२ डिसेंबर
वावरात कापसाची वेचणी चालू. बाया मिळत नाहीत, युसूफभाईंचा निरोप आलाय.
हे दोन दिवसांपासून ओसरीवर बसून. तोच पांढरा शर्ट. गल्लीतली माणसं विमानवाले म्हणून हाक मारतात, हे ते खरं समजून हात वर करतात. या माणसाचं काय करावं?
जेवताना म्हणाले, "घरी बसून करमत नाही वं. मले तुह्या वावरात कामाले ठेवतं काय?"
टोमणा असेल म्हणून तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता.
ताटात भाकरी वाढली. अजून उत्तर दिलेलं नाही.