साडेबावीस इंचांचा टोप

॥ श्री ॥
मालवण, ८ एप्रिल १९६१

ती. दादा यांस,
सरलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. सासूबाई अक्कांच्या गुडघ्याला तेल लावणं चालू आहे. हे नेहमीसारखे फिरतीवर. गुरांच्या दवाखान्याचं काम, त्यात लष्कराच्या लिलावातली ती मोटारसायकल, त्यामुळे पाय घरात ठरत नाही.

एक काम आहे. मुंबईत चांगला मजबूत टोप मिळाला तर पाठव. घेर साडेबावीस इंच, दगडावर आपटला तरी फुटता कामा नये. लवकर हवा. का ते विचारू नकोस. पत्र टाकण्याआधी अक्कांना वाचून दाखवते, त्यांचाही तुला आशीर्वाद.

वहिनींना नमस्कार. बहिणीवर माया आहे तशीच राहो.
तुझी, सरला


॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई, १९ एप्रिल १९६१

चि. सौ. सरलास,
अ. उ. आ.

पत्र पावलं. भुलेश्वरात जाऊन जाड बुडाचा अ‍ॅल्युमिनियमचा टोप घेतला. दुकानदाराला घेर इंचात सांगितला तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. साडेबावीस इंच म्हणजे तोंड जेमतेम सात इंचांचं! त्यात एका माणसाची पेज तरी होईल का, अशी तुझ्या वहिनीला शंका आहे. मालवणात भांडी मिळेनाशी झाली का? बोटीने पाठवला आहे. दगडावर आपटून बघितला, पोचा आला नाही.

विश्रामरावांना नमस्कार, अक्कांना दंडवत. दादाची आठवण टोपाच्या निमित्ताने का होईना, येत राहो.
तुझा दादा, गंगाराम


॥ श्री ॥
मालवण, २८ एप्रिल १९६१

ती. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

टोप पोचला. अक्का खूश आणि मी कपाळाला हात लावून बसले. अरे, पेजेचा नव्हे, डोक्याचा टोप! मोटारसायकलवाले घालतात तो. स्पष्ट लिहायची सोय नव्हती, आणि तुझी अक्कल वरणभातापलीकडे जाईल असं मी धरून चालले.

हे पत्र शेजारच्या एस्पेरांसाबाईंच्या घरी बसून लिहिते आहे, म्हणून सगळं लिहिते. शिमग्यानंतर हे सड्यावर, उघड्या माळावर, गाडीवरून पडले. चिऱ्यावर डोकं आपटलं, तासभर शुद्ध नव्हती. कणकवलीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा तिथेच मार बसला तर माणूस हाती लागणार नाही. यांनी मला शपथ घातली आहे, अक्कांना सांगायचं नाही. थोरले भावजी माडावरून पडून गेले, त्यानंतर अक्का वर्षभर जेवल्या म्हणून जेवल्या. त्यांना कळलं तर गाडी बंद, आणि गाडीशिवाय ही नोकरी होत नाही. सोळा मेला गुरांना घटसर्पाची लस टोचायला हे निघणार, पावसाआधी बावीस गावं, सगळी मातीची वाट. रात्रंदिवस माझ्या डोळ्यांपुढे तो चिरा दिसतो.

एस्पेरांसाबाईंचा भाऊ सिप्रियन माझगावात मोटारसायकली दुरुस्त करतो. त्याला घेऊन जा. तो म्हणेल तेच घे. आधीचं माप यांच्या जुन्या टोपीवरून घेतलेलं, म्हणून काल दुपारी हे पडवीत झोपले होते तेव्हा दोऱ्याने डोकं मोजलं. हाताशी काळाच दोरा होता. दोन गाठी मारून सोबत ठेवला आहे. मोजताना अक्का दाराशी आल्यासारख्या वाटल्या, पण लगेच आत वळल्या.

उत्तर एस्पेरांसाबाईंच्या पत्त्यावर. रागावू नकोस, तुझ्याशिवाय मी सांगू कुणाला.
तुझी, सरला


॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई, ६ मे १९६१

चि. सौ. सरलास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून सिप्रियनला गाठलं. माणूस तिरसट, पण जाणता. जुन्या बाजारात मी एक चकचकीत लाल शिरस्त्राण उचललं, तर त्याने आतून अंगठा फिरवून रंगाखालची चीर दाखवली. म्हणाला, एकदा आपटलेलं शिरस्त्राण मेलेलं, ते फुकट मिळालं तरी घेऊ नये. सात बाजूला सारली. मग आतून जाड बुचाचं अस्तर असलेलं एक निवडलं, तुझा दोरा आत फिरवून बघितला, माझ्या डोक्यात घालून मागून जोरात ओढलं. माझी मान आली, शिरस्त्राण आलं नाही. तेव्हा कुठे तो हो म्हणाला.

त्याचं म्हणणं लिहितो, ते विश्रामरावांना ऐकव. हनुवटीखालचा पट्टा बांधला नाही तर हे घालणं आणि न घालणं सारखंच. लाल धुळीसाठी मोठा चष्मा, हाताला चामड्याचे मोजे, आणि घोटा झाकणारे बूट. चपला घालून गाडीवर बसलेला दिसला तर मी मालवणला येऊन त्याची हवा काढीन, असा त्याचा निरोप आहे. हे सगळं पार्सलने आज रवाना केलं. तुझा दोरा आतच ठेवला आहे.

सोळा तारखेच्या आत पोचो, एवढंच देवाला सांगतो. पोचल्याचं कळव म्हणजे जीव भांड्यात पडेल.
तुझा दादा, गंगाराम


॥ श्री ॥
मालवण, १३ मे १९६१

ती. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल अजून आलं नाही. तीन दिवस उरले आहेत.

दुसरीच काळजी उभी राहिली आहे. अक्का माझ्याशी बोलत नाहीत. यांची पेज स्वतः करतात, तुझ्या त्या इवल्याशा टोपात, आणि मला चुलीपाशी येऊ देत नाहीत. माझ्या हातचं पाणीसुद्धा यांना पिऊ देत नाहीत. सोमवारी एकट्याच देवळात जाऊन गाऱ्हाणं घालून आल्या. पडल्याचं त्यांना कळलं असं मला वाटतं. पण मग रागवायचं यांच्यावर, माझ्यावर का? दहा वर्षांत त्यांनी मला असं परकं केलं नव्हतं. मला फार लागलं आहे रे.

हातातली कामं टाकून दोन ओळी लिही.
तुझी, सरला


॥ श्री ॥
मालवण, ३० मे १९६१

ती. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला. आधी हे सांगते की घरचे सुखरूप आहेत. आता बसून वाच.

पार्सल पंधराला आलं. वर माझं नाव, म्हणून पोस्टमनने पत्ता न बघता आमच्याच घरी दिलं. मी विहिरीवर होते. आले तर अक्का ओटीवर, मांडीवर शिरस्त्राण, आणि हातात तो काळा दोरा. गाठी चाचपत होत्या. ह्यो दोरो तू झिलाच्या डोक्याक कित्याक लायलंस, मुलाच्या डोक्याला हा दोरा का, एवढंच त्यांनी विचारलं. माझ्याच्याने राहवलं नाही. शपथ मोडली. पडल्यापासून सगळं सांगितलं.

त्यांनी दोरा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माका वाटला, तू त्याच्यार करणी करतंस. देवाकडे तुझ्याच नावान गाऱ्हाणा घातलंय गो." आणि माझा हात धरून रडल्या. झोपलेल्या माणसाला काळ्या दोऱ्याने मोजणारी सून! त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते. त्याच पावली मला घेऊन देवळात गेल्या आणि गाऱ्हाणं मागे घेतलं.

हे मात्र शिरस्त्राण बघून हसले. गुरं बुजतील, लोक हसतील, म्हणाले. अक्का म्हणाल्या, "बायलेन माप घेतल्यान हा. घाल मुकाट." पट्टा त्यांनी स्वतः बांधला.

चोवीसला आचऱ्याच्या सड्यावर गाईचा एक पाडा आडवा आला. गाडी खडीवरून घसरली आणि हे डोक्यावरच चिऱ्यावर आपटले. बैलगाडीतून घरी आणलं ते बसलेले, गळ्याजवळचं हाड मोडलेलं, पण शुद्धीवर, आणि राहिलेल्या चार गावांची लस कोण टोचणार म्हणून कुरकुरत. शिरस्त्राण कानापासून टाळूपर्यंत चिरलं आहे. अक्कांनी त्या चिरेवरून बोट फिरवलं आणि ते नेऊन देवापुढे ठेवलं. त्या दिवशी यांची पेज मी केली, त्याच टोपात. एका माणसाची बरोब्बर होते, वहिनींना सांग.

हाड जुळलं की हे पुन्हा निघणारच. सिप्रियन म्हणतो त्याप्रमाणे आपटलेलं मेलं, तेव्हा दुसरं पाठव. हे पत्र अक्कांना वाचून दाखवलं आहे. दोरा सोबत आहे, काळाच. या वेळी माप अक्कांनी घेतलं, हे जागे असताना.

माहेरची सावली अशीच डोक्यावर राहो.
तुझी, सरला